ठकीच्या पंजाचा वास

सारजाबाई मदने पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांनी औषध मागितलं नाही. कमरेला खोचलेली काडेपेटी काढून टेबलावर ठेवली, बोटानं माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, "ह्ये काय हाय, तेवढं आदी सांगा."

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझा जनावरांचा दवाखाना आहे. सतरा वर्षं झाली. म्हशी आणि शेळ्या पहिल्यापासून आहेत, अलीकडं बंगल्यांमधली कुत्रीही येतात. येणारा प्रत्येक माणूस घाईत असतो. इंजेक्शन द्या, गोळी द्या, मला निघायचंय. काडेपेटीत प्रश्न घेऊन आलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

पेटीत काळे कण होते, खसखशीपेक्षाही बारीक.

"ठकीच्या शेपटाच्या बुडातनं काढल्यात," सारजाबाई सांगू लागल्या. "दोन दिस उनात ठिवलं, हललं न्हाय. म्हंजी जित्तं न्हाय. माती म्हणावी, तर बोटात चुरडल्यावर मातीवानी लागत न्हाय. मग काय हाय?"

ठकी टेबलाखाली बसली होती. तांबूस रंगाची, मध्यम अंगाची कुत्री. एक कान वरून फाटलेला. कमरेपासून शेपटीपर्यंतचे केस जवळजवळ गेलेले आणि कातडी जाड, काळपट झालेली. बसल्या बसल्या ती मागं वळून स्वतःलाच कुरतडत होती, कणीस खाल्ल्यासारखी, पुढच्या दातांनी.

मी कापसाचा बोळा ओला केला आणि त्यावर चार कण टाकले. थोडा वेळ काही झालं नाही. मग प्रत्येक कणाभोवती तांबूस वलय पसरायला लागलं.

सारजाबाई इतक्या खाली वाकल्या की त्यांचं नाक कापसाला टेकायचं राहिलं. "आगं आई! रगात!"

"ठकीचंच रक्त," मी म्हणाले. "पिसवांनी पिऊन बाहेर टाकलेलं. ही पिसवांची विष्ठा आहे."

"पर मला पिसू घावली न्हाय. चार दिस हुडकतीया."

"कुत्र्याच्या अंगावर थोड्याच असतात, मावशी. बाकीची सगळी पिलावळ ती झोपते तिथं. पोत्यात, फटीत, धुळीत."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं समाधान झालं. पण त्यांनी दुसरा बोळा मागून घेतला, नळाखाली भिजवला आणि उरलेले कण स्वतः त्यावर टाकून परत एकदा सगळं पाहिलं. बाहेर एक माणूस शेळी घेऊन ताटकळत होता. त्यालाही बोलावून दाखवलं.

"आता आनिक एक," त्या म्हणाल्या. "शेजारी सोपानचं कुत्रं हाय. त्येच्या अंगावर तर पिसवा दिसत्यात, उड्या मारत्यात. त्ये निवांत झोपतंय. मग हीच का वरबाडून घेती?"

मी सांगितलं की काही कुत्र्यांच्या अंगाला पिसवेची थुंकी सोसत नाही. एक चावा पुरतो, आठ दिवस आग होते. बाकीच्यांना पन्नास चावल्या तरी काही वाटत नाही. असं का, हे मलाही पुरतं सांगता येणार नाही.

"तुमाला बी न्हाय?" त्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. डॉक्टरला एखादी गोष्ट ठाऊक नसणं ही त्यांना फारच आवडलेली बाब दिसली.

आधी काय काय लावलं, हे विचारल्यावर मात्र त्यांचा आवाज खाली गेला. सोपानचं गॅरेज आहे. तो म्हणाला, जळकं ऑइल लावा, तीन दिवसांत कुत्रं बरं होतंय. सगळेच लावतात म्हणून त्यांनीही लावलं. ठकीनं ते चाटून काढलं आणि दोन दिवस ओकत राहिली. मग ते ऑइल निघावं म्हणून त्यांनी तिला कपडे धुवायच्या पावडरीनं घासून आंघोळ घातली. कातडी तडकली.

"माझ्याच हातानं झालं त्ये," त्या म्हणाल्या. "मेंढराला म्या असं कदी केलं नसतं. कुत्र्याचं कातडं कसं असतंय, ह्येचा इचारच केला न्हाय."

मी त्यांना सांगितलं की कुत्र्याचं कातडं आपल्याहून पातळ असतं आणि आपला साबणसुद्धा त्याला जड जातो. मानेवर टाकायचे पिसवांचे थेंब दिले, ठकीचं वजन करून. ठकीचं पोतं उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवायला सांगितलं. आणि शेवटी, रोज प्रत्येकाला म्हणते तसं म्हणाले, "आणि घर साफ ठेवा."

हे शेवटचं वाक्य मी नीट बोलायला हवं होतं.

सारजाबाईंचं पुढं मला जे कळलं, ते तुकड्यातुकड्यांनी, त्यांच्या पुढच्या खेपांमध्ये. त्यांचा जन्म सुप्याजवळच्या एका वाडीतला. तिथला माळ कोरडा, पाऊस कमी, गवत खुरटं. घरात मेंढरं. आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांच्याकडं कोकरं सोपवलेली होती. संध्याकाळी कळप परत आला की दिवसभर मागं ठेवलेली कोकरं आपापल्या आईला लावायची. आई चुकली तर मेंढी ढुशा मारते, कोकरू उपाशी राहतं. अंधार पडत आला की सारजा कोकराचं डोकं हुंगायची, मग मेंढीची कास हुंगायची आणि जोडी लावायची. लग्न झालं ते जोतीराम मदन्यांशी. ते घरही मेंढरांचंच. वर्षातले सहा-सात महिने कळपामागं चालण्यात जायचे.

नऊ वर्षांपूर्वी कळप विकला. जोतीरामआबांचे गुडघे गेले होते आणि चरायला माळही उरला नव्हता. जिथं मेंढरं बसायची तिथं प्लॉटचे दगड रोवले गेले. मुलगा नागेश दुधाच्या कारखान्यात लागला होता. त्यानं दोन वर्षांपूर्वी जळोचीत घर बांधलं. तीन खोल्या, पुढं पडवी आणि सगळीकडं गुळगुळीत पांढरी फरशी. कळपाबरोबरची जी पाच कुत्री होती, त्यांतली चार त्या मेंढरांबरोबरच गेली. ठकी तेव्हा पिल्लू होती. तेवढी राहिली. तिचा कान फाटला तो पुढं, माळावर नातेवाइकांकडं गेलेली असताना. लांडग्यानं फाडला.

तीन आठवड्यांनी सारजाबाई परत आल्या. ठकीच्या कमरेवर मऊ केस उगवत होते. मी खूश झाले, पण त्या नव्हत्या.

"ह्ये बगा," म्हणत त्यांनी ठकीला उताणी केलं. पोट लालभडक. काखा, कोपरं आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या तशाच. चाटून चाटून पंजांचे केस तपकिरी झालेले. "पाठ बरी झाली. खाज खाली उतरली."

मी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे दिसले नाहीत. बुरशीही नव्हती. मग माझा संशय खाण्यावर गेला. घरात तिला दूध-भाकरी आणि कधी बिस्किटं मिळत होती. मी दूध आणि बिस्किटं बंद करायला सांगितली आणि तात्पुरता आराम म्हणून खाज थांबवणारं इंजेक्शन दिलं. आठ दिवस ठकी शांत झोपली. नवव्या दिवशी पुन्हा सुरू.

"पुन्हा देऊ का?" मी फोनवर विचारलं.

"नगं," सारजाबाई म्हणाल्या. "सुई दिली की खाज गप बसती. कशानं येती त्ये तसंच ऱ्हातंय. म्या बगती जरा."

आणि त्यांनी बघायला सुरुवात केली. पडवीत जोत्याला टेकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं कुत्र्याकडं बघत बसायचं. शेजारच्या दगडाबाईंनी विचारलं, "सारजा, काय गं, बरं न्हाय का?" तर म्हणाल्या, "बरी हाय. बगतीया." मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाला असं बघण्याची सवय असते. कोणती मेंढी मागं राहते, कोणती पाय टाकताना थांबते, हे त्यांना मान न वळवता कळायचं.

त्यांना जे दिसलं ते असं. पहाटे ठकी खाजवत नाही. सकाळी फिरून येते तेव्हाही नाही. चाटायला सुरुवात होते ती साडेनऊ-दहाला, आणि मग दुपारपर्यंत थांबत नाही.

त्याच सुमारास त्यांची सून वैष्णवी चार दिवस माहेरी सांगवीला गेली. भावाच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. बरोबर अकरा महिन्यांचा सार्थकही गेला. त्या चार दिवसांत ठकीनं एकदाही पंजे चाटले नाहीत. वैष्णवी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा सुरू.

जोतीरामआबा सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "सुनेला कुत्रं नगं हाय. तिनंच काय घातलं असंल खायला."

वैष्णवीला कुत्रं नको होतं, हे खोटं नव्हतं. तिच्या माहेरी भाजीपाला आणि ऊस, दारात गाय. कुत्रं घरात घेणं तिला माहीत नव्हतं. त्यात बाळाच्या गुडघ्यांवर आणि तळहातांवर लाल चट्टे उठले होते. दगडाबाईंनी बघितलं आणि सांगून टाकलं की ही कुत्र्याची खाज बाळाला लागली. त्यावर नागेशनं ठरवलं. येत्या रविवारी टेम्पो बोलवायचा आणि ठकीला सुप्याकडच्या चुलतभावाकडं सोडून यायचं. आईला सांगताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. सारजाबाईंनी त्याला अडवलं नाही. नातवाचे गुडघे त्यांनीही पाहिले होते.

बुधवारी त्या माझ्याकडं आल्या. ठकीला आणलं नव्हतं. बाकड्यावर बसून राहिल्या. गर्दी कमी झाल्यावर आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"ताई, एक इचारती. हसू नका. येकाद्या मानसाच्या घरात असन्यानं कुत्र्याला खाज सुटती का?"

"कुणाच्या?"

त्यांनी लोटलेलं दार परत एकदा बघितलं. मग सगळं सांगितलं. चार दिवसांचं, आबांच्या संशयाचं, रविवारच्या टेम्पोचंही.

"मला आबांचं पटत न्हाय," त्या म्हणाल्या. "ती पोरगी मुंगी मारत न्हाय. पर डोळ्यानं दिसलं त्ये बी खोटं कसं म्हनू?"

 मला एवढंच माहीत होतं की पोट, कोपरं आणि पंजे हे कुत्र्याच्या अंगाचे जमिनीला लागणारे भाग आहेत. ते मी त्यांना सांगितलं. आणि म्हणाले, "मावशी, वैष्णवीकडं बघू नका. ती नसताना घरातलं कोणतं काम होत नव्हतं, ते आठवा."

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. "तवा फरशी म्या पुसली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नुसत्या पान्यानं." आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ते मला वैष्णवीनं नंतर स्वतः सांगितलं. तिनं नेहमीप्रमाणं सव्वानऊला पडवी पुसली. फरशी ओली, थंड झाली तशी ठकी आली आणि पोट टेकून पसरली. सासूबाई जवळच खाली बसलेल्या. थोड्या वेळानं ठकी उठून पंजा चाटायला लागली. सासूबाईंनी तो पंजा हातात घेतला, बोटांच्या मधे नाक नेलं आणि डोळे मिटून हुंगला. मग तिचं पोट हुंगलं. मग उठून बादलीपाशी गेल्या आणि पाणी हुंगलं. वैष्णवीला वाटलं, म्हातारीला काहीतरी झालं. एवढ्यात सार्थक रांगत त्याच फरशीवरून आला. सासूबाईंनी त्याला उचललं, त्याचे तळहात हुंगले, गुडघे हुंगले आणि त्याला मांडीवर घेऊन खाली बसल्या.

"वैष्णवी, हितं ये जरा. ह्येचा वास घे."

वैष्णवीनं बाळाच्या हाताचा वास घेतला. "फिनेलचा येतोय."

"आता हिचा घे."

ती कुत्र्याच्या जवळ जाणारी नव्हती. तरी सासूबाईंचा चेहरा बघून वाकली, ठकीच्या पंजाला नाक लावलं. तोच वास.

 वैष्णवीला वाटलं आता आपल्यावर येणार. आबांचा संशय तिच्या कानावर गेलेला होताच. ती रडायला लागली. "आत्या, मी मुद्दाम न्हाय केलं. पिसवा बाळाला चावतील म्हणून टाकत व्हते."

"आगं, मुद्दाम कोन म्हनतंय?" सारजाबाई म्हणाल्या. "म्या तर तिच्या अंगाला जळकं ऑइल फासलं, आन् वर कपड्याच्या पावडरीनं घासलं. तू निदान फरशीलाच लावलंस. ऊठ, पानी आन. आदी बाळाचं हातपाय धू, मग हिचं."

मला फोन वैष्णवीचा आला. तोपर्यंत आम्ही कधी बोललो नव्हतो.

"डॉक्टर, फिनेलनं कुत्र्याला खाज सुटते का?"

"किती टाकता?"

"आधी झाकणभर टाकत होते बादलीला. नंतर अर्धी वाटी." ती म्हणाली. "तुमीच आत्यांना म्हणाला होता ना, घर साफ ठेवा. पिसवा जायला पाहिजेत. म्हणून वाढवलं."

मी खुर्चीत बसूनच होते, पण उभ्या उभ्या कुणी जाब विचारावा तसं झालं. कशानं साफ ठेवा, हे मी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत किती घरांना मी हे वाक्य तोंडावर फेकलं असेल आणि त्यांनी कशाकशानं फरशा धुतल्या असतील! फिनेल कुत्र्याच्या पातळ कातडीला भाजतं. पंजे चाटताना तोंडातही जातं. हे मला पाठ होतं. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. पण ठकीचं लाल पोट समोर असताना मला ते आठवलं नाही, मी दूध आणि बिस्किटं बंद करत बसले.

"चूक माझी आहे," मी तिला म्हणाले.  बहुतेक तिला असं ऐकायची अपेक्षा नव्हती.

मग मी तिला काय करायचं ते सावकाश सांगितलं. फरशी साध्या पाण्यानं पुसायची. पहिले दोन दिवस तीनदा, म्हणजे मुरलेलं फिनेल निघून जाईल. कोपऱ्यांतली आणि पोत्याखालची धूळ रोज झाडून लांब टाकायची, पिसवांची अंडी त्यातच असतात. ठकीचे पंजे दिवसातून दोनदा कोमट पाण्यानं धुवायचे आणि बोटांच्या मधलं कोरडं करायचं, कारण ओल राहिली की दुसरीच खाज सुरू होते. पोटाला आग होत असेल तेव्हा जुन्या सुती लुगड्याची घडी गार पाण्यात पिळून दहा मिनिटं ठेवायची. हळद, तेल, मलम असलं काही लावायचं नाही, ती चाटते. मानेवरचे थेंब मात्र महिन्याच्या महिन्याला चुकवायचे नाहीत. बाळाचं मात्र मी काही सांगणार नाही, त्याला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं न्या. त्यांनी नेलं. तिथल्या डॉक्टरांनीही फरशीचंच विचारलं, साधं मलम दिलं आणि कुत्र्याचा याच्याशी संबंध नाही असं सांगितलं.

रविवारचा टेम्पो नागेशनं फोन करून नको म्हणून सांगितला. जोतीरामआबा त्या दिवशी सुनेनं वाढलेलं जेवले आणि हात धुताना म्हणाले, "मिरचीचा ठेचा चांगला झालाय." त्यांचं माफी मागणं यापलीकडं जात नाही, हे वैष्णवीला लग्नानंतरच्या तीन वर्षांत कळलेलं होतं.

आठ दिवसांत ठकीच्या पोटाची लाली उतरली. सार्थकचे गुडघे त्याआधीच साफ झाले. तीन आठवड्यांनी मी स्वतः जळोचीला गेले. एरवी मी कुत्र्यासाठी घरी जात नाही. ठकी पडवीत आडवी पडून झोपली होती आणि बाळ तिच्या शेपटीशी खेळत होतं. वैष्णवीनं चहा ठेवला. आत फडताळात सगळ्यात वर फिनेलची बाटली होती, तिला सुतळीनं फडकं गुंडाळलेलं.

"फेकून का नाही दिली?" मी विचारलं.

"संडासाला लागतंय की," वैष्णवी म्हणाली. "पण त्या दाराला आता कडी असती."

सारजाबाईंचं कुतूहल मात्र शांत झालं नव्हतं. त्यांना आता भलतंच वेड लागलं. कुठंही कुत्रं खाजवताना दिसलं की त्या थांबत. मालकाला विचारत, "कुठं खाजवतंय? पाठीला का पोटाला? कवा? झोपतंय कुठं?" लोक औषध मागायचे. त्या औषध कधी देत नाहीत. "म्या डाक्टर न्हाय. बगा आदी, मग ताईंकडं जावा," असं सांगून वाटेला लावतात. त्यामुळं माझ्याकडं येणारी माणसं थोडी बदलली आहेत. परवा सांगवीचे एक गृहस्थ आले, दारातूनच म्हणाले, "डॉक्टर, कान आणि डोळ्याभोवती खाजवतंय, संध्याकाळी जास्त, झोपतं कडब्यावर." मी थक्क झाले. माझं निम्मं काम त्यांनी करून आणलं होतं. मीही बदलले. जळलेल्या कातडीचं कुत्रं आलं की पहिला प्रश्न विचारते, घरात फरशी कशानं पुसता?

माघात माझ्या माहेरच्या गावी, इंदापूर तालुक्यात, मी कुत्र्यांना पिसाळण्याची लस टोचायचं शिबिर घेतलं. कुत्री धरायला खंबीर माणूस हवं होतं. सारजाबाई तयारच होत्या. आम्ही माझ्या गाडीतून गेलो. गावाभोवती पेरूच्या बागा, झाडाझाडांवर फळांना बांधलेल्या पिशव्या. शाळेसमोर मांडव टाकला होता. दोन तासांत सत्तर-ऐंशी कुत्री झाली. सारजाबाई कुत्र्याचं तोंड काखेत धरायच्या आणि त्याला काय होतंय हे कळायच्या आत मी सुई टोचून मोकळी व्हायचे.

शेवटी शेवटी ज्ञानेश नावाचा पेरूवाला एक काळं कुत्रं घेऊन आला. कानांच्या कडांना खपली, कोपरं उघडी, सारखं खाजवत होतं. सारजाबाईंचे डोळे चमकले.

"फरशी कशानं पुसता?" त्यांनी विचारलं.

"फरशी न्हाय, मावशी. वस्तीवर शेणानं सारवतो."

त्या गोंधळल्या. पोट बघितलं, ते लाल नव्हतं. पंजे हुंगले. "मातीचा वास हाय नुसता," त्या पुटपुटल्या. मग त्यांचं लक्ष ज्ञानेशकडं गेलं. तो बोलता बोलता स्वतःचं मनगट खाजवत होता.

"ताई," त्या मला म्हणाल्या, "ह्ये येगळं हाय. ह्ये मानसाला बी सुटलंय. मला न्हाय कळत."

मी कानाची कड खरवडली. सूक्ष्मदर्शक शाळेच्या टेबलावर मांडलेला होता. काचपट्टी ठेवून पाहिलं आणि पहिल्याच नजरेत दिसलं. खरूज. कुत्र्याला गोळी दिली, ज्ञानेशला माणसांच्या डॉक्टरांकडं जायला सांगितलं, अंथरूण-पांघरूण उकळायला सांगितलं. मग सारजाबाईंना म्हणाले, "या, बघा."

त्यांनी आधी दोन्ही डोळे लावले, मग एक मिटून पाहिलं. बराच वेळ काही दिसत नव्हतं. मी चाक थोडं फिरवलं. 

"हलतंय!"

गोल, फुगीर, आखूड पायांचा किडा गोगलगाईपेक्षाही हळू चालत होता. सारजाबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती. साठी ओलांडलेलं माणूस, हजारो मेंढरांच्या लोकरीत हात घातलेला, खरूज आयुष्यभर बघितलेली, आणि ती करणारा जीव त्या आज पहिल्यांदा बघत होत्या.

"ह्येनं मेंढरं उजाड केली आमची," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "येवढ्यानं! ताई, ह्येला डोळं कुठं हायत?"

"डोळे नसतात त्याला."

"अजाबात न्हायत?"

"अजिबात नाहीत."

 मांडवात आणखी सहा-सात माणसं कुत्री घेऊन उभी होती, साखळ्या ओढल्या जात होत्या, भुंकणं चालू होतं. सारजाबाईंनी दुसरा डोळा लावला.

"मग एका कुत्र्यावरनं दुसऱ्यावर जायचं त्येला कळतं कसं?"

"उबेनं आणि वासानं, असं म्हणतात," मी म्हणाले. "नक्की मलाही बघावं लागेल."

"वासानं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि जागेवरून हलल्या नाहीत. मी पुढच्या माणसाला सांगितलं, कुत्रं तुम्हीच धरा.